ज्वारी ताटातून कुणी काढली?

सोलापूर, बीड, धाराशिव, लातूर, परभणी या पट्ट्यात आज ज्यांची पंचाहत्तरी उलटली आहे, त्यांच्या लहानपणी जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. सकाळी रात्रीची उरलेली, दुपारी फडक्यात बांधून शेतात नेलेली, रात्री तव्यावरून थेट ताटात आलेली. गव्हाची पोळी सणाला, पाहुण्याला नाहीतर आजाऱ्याला. भात त्याहून दुर्मीळ. याच माणसांच्या नातवंडांच्या डब्यात आज रोज पोळी-भाजी असते, रात्री वरण-भात असतो आणि भाकरी ढाब्यावर ‘गावरान थाळी’ म्हणून मागवली जाते. एका माणसाच्या हयातीत रोजचं धान्यच बदललं.

असं का झालं, याचं घरोघरी ठरलेलं उत्तर आहे. नव्या सुनांना भाकरी येत नाही, पोरांना चावायचा कंटाळा आणि जाहिरातींनी जिभा बिघडवल्या. उत्तर सोयीचं आहे, कारण दोष घरातल्याच एखाद्या बाईवर ढकलून मोकळं होता येतं. पण ज्वारी कुठून कुठून नाहीशी झाली ते क्रमाने पाहिलं तर सुनेचा नंबर शेवटी लागतो. ज्वारी आधी शेतातून गेली, मग दुकानातून, मग गिरणीतून आणि सगळ्यात शेवटी परातीतून. तिला परत आणायचं असेल तर परातीपासून सुरुवात करून काही हाती लागणार नाही.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना ‘मिलो’ वेगळी सांगावी लागत नाही. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, तिथे मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकवलेली, इथे रेशनवर मिळाली. भाकरी तांबडी व्हायची, थापताना चिरायची, घशाखाली उतरायची नाही. पण पोट भरलं. खडी फोडायच्या कामावर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळाला. त्याआधीच, १९५६ पासून, पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखालच्या करारातून अमेरिकन गहू देशात येत होता. १९६५ मध्ये अन्न महामंडळ स्थापन झालं, पंजाब-हरियाणात बुटका गहू जोमाने पिकू लागला आणि सरकारला गहू-तांदूळ विकत घेऊन देशभर पोचवण्याची यंत्रणा मिळाली. भुकेच्या त्या काळात ते योग्यच होतं. मराठवाड्यातला मजूर त्या गव्हावर तगला, हे विसरून रेशनला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं ठरेल.

मात्र दुष्काळ सरला तरी यंत्रणा त्याच दोन धान्यांसाठी चालत राहिली. गव्हाला पाणी, वीज, खत, हमीभाव आणि हमखास गिऱ्हाईक मिळालं. कोरडवाहू ज्वारीला यातलं काहीच पुरेसं मिळालं नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर लिहिले आहेत. म्हणजे कायद्यात ज्वारी सगळ्यात स्वस्त! फक्त गोदामात ती क्वचितच असते. २०२३ पासून हे धान्य फुकट झालं. माणशी ५ किलो गहू-तांदूळ फुकट मिळत असताना, शहरातल्या दुकानात गव्हापेक्षा महाग मिळणारी मालदांडी, म्हणजे चांगली रब्बी ज्वारी, मजुराच्या घरात का शिजावी? एकेकाळी गरिबाचं म्हणून हिणवलेलं धान्य आता चांगली ऐपत असलेल्यांनाच रोज परवडतं. हा उलटफेर कुणाच्या आवडीनिवडीने झालेला नाही.

शेतात जे घडलं ते आणखी कमी सांगितलं जातं. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. खरिपात उत्पादन वाढलं, हे खरं. पण जुने उंच खरीप वाण दिवस लहान होऊ लागल्यावर, पाऊस सरता सरता निसवायचे, म्हणजे कणीस बाहेर काढायचे. दाणा भरायचा तो कोरड्या हवेत. नवे बुटके वाण शंभर-सव्वाशे दिवसांत तयार, म्हणजे कणीस पिकायच्या वेळी डोक्यावर परतीचा पाऊस. दाण्यावर बुरशी चढली आणि ज्वारी काळी पडू लागली. काळ्या ज्वारीची भाकरी कडसर लागते, बाजारात तिला भाव नसतो, ती जाते कोंबड्यांच्या खाद्याला नाहीतर मद्याच्या कारखान्याला. त्यात बुटक्या ताटाचा (ज्वारीच्या धांड्यालाही ताटच म्हणतात) कडबा, म्हणजे वाळला चारा, कमी आणि गुरांना तो फारसा आवडतही नाही. खाणाऱ्याने तोंड फिरवलं, जनावरानेही फिरवलं. पुढे सोयाबीन आलं. शंभर दिवसांत पैसा, यंत्राने मळणी, दाराशी व्यापारी. खरीप ज्वारीची जागा त्याने घेतली यात नवल नव्हतं. राज्यात १९८० च्या सुमारास ६० लाख हेक्टरांहून अधिक ज्वारी होती. आज ती २० लाखांच्या आसपास किंवा त्याही खाली आली आहे आणि एकट्या सोयाबीनने ४० लाखांचा आकडा ओलांडला आहे.

उरली ती रब्बीची ज्वारी. काळ्या रानात पावसाळ्याची ओल धरून सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, वरून पाणी जवळजवळ नाही, थंडीत हुरड्याला यायची, फेब्रुवारी-मार्चला काढायची. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण स्वातंत्र्याच्या आधीचा. त्याच्यानंतर राहुरीच्या कृषी विद्यापीठातून फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा हे वाण आले, परभणीच्या विद्यापीठातून परभणी मोती आली. तरी बाजारात चांगल्या ज्वारीला आजही ‘मालदांडी’च म्हणतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. मग ही ज्वारी तरी का आटते आहे?

काढणीमुळे. गव्हात हार्वेस्टर घातला की एकराचं काम तासा-दीड तासात उरकतं. मालदांडीचं ताट पुरुषभर उंच, खालून जाड, आणि शेतकऱ्याला दाण्याइतकाच कडबाही हवा असतो. म्हणजे ताट मुळासकट उपटायचं किंवा बुडाशी कापायचं, पेंढ्यांचे पाचुंदे बांधायचे, वाळले की कणसं खुडायची, मळणी करायची, कडब्याची गंजी रचायची. ज्वारी उपटणं हे शेतातल्या सगळ्यात जाचक कामांपैकी एक. हात सोलतात, कंबर धरते आणि पात्यांवरची कूस अंगभर खाजते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर काम उक्तं, म्हणजे ठोक रकमेवर, घेतात आणि दाण्याच्या पैशांतला मोठा वाटा तिथेच जातो. कडब्याला भाव आला तर ज्वारी परवडते, नाहीतर नाही. बुडाशी कापून पेंढी बांधणारी यंत्रं आहेत, पण ताट फार उंच वा लोळलेलं असलं की ती अडतात आणि लहान शेतकऱ्याला ती विकत घेणं झेपत नाही. तालुक्याला पाच-दहा यंत्रं भाड्याने मिळू लागली तर ज्वारीचं जे भलं होईल, ते शंभर पाककृती स्पर्धांनी होणार नाही.

आता परातीकडे येऊ, कारण तिथलीही अडचण खरी आहे आणि ती आळसाची नाही.

गव्हाची कणीक ताणली जाते कारण त्यातली प्रथिनं पाण्यात भिजून चिवट जाळं धरतात. ज्वारीत ते जाळं होत नाही. भाकरी टिकून राहते ती पिठाच्या विरीवर, म्हणजे पिष्टाने (स्टार्चने) पाण्यात धरलेल्या चिकटपणावर. ही विरी ताज्या पिठात असते. ज्वारीच्या अंकुरात तेल असतं. दळल्यावर ते हवेला उघडं पडतं आणि हळूहळू खवट होतं. आठ-दहा दिवसांनी पीठ कडवट लागू लागतं, विरी जाते आणि भाकरी कडेने चिरते. उन्हाळ्यात त्याहून लवकर. म्हणून जुन्या घरांत आठवड्याचंच दळण काढत. आता दुकानातून आणलेली ज्वारीच्या पिठाची पिशवी दळून किती आठवडे झाले ते बघा, आणि मग सुनेच्या हाताला दोष द्या.

पीठ थोडं जुनं असेल तर उकड काढून निभावतं. दोन वाट्या पिठाला साधारण सव्वा वाटी पाणी, चिमूटभर मीठ, पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद करून पीठ टाकायचं, हलवून पाच मिनिटं झाकायचं आणि हात पोळणार नाही इतकं निवल्यावर तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं. उकळत्या पाण्याने पिष्ट फुगतं आणि गेलेल्या विरीचं काम करतं. ताज्या पिठाला नुसतं कढत पाणी पुरतं. सगळं पीठ एकदम मळून ठेवणं ही नवशिक्याची हमखास चूक. एका भाकरीचा उंडा त्या-त्या वेळी मळून लगेच थापला तरच कडा सलग राहतात. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर ओला हात फिरवायचा आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर भेगा पडतात, पाणी जास्त झालं तर पापुद्रा सुटत नाही. दुसरी बाजू नीट भाजू द्यायची, मग पहिली बाजू थेट आचेवर. चुलीत निखाऱ्यांची धग कडेने एकसारखी लागायची; गॅसची आच मधोमध लागते, म्हणून भाकरी सतत फिरवावी लागते.

हे सगळं शिकता येतं, महिनाभरात जमतं. अडचण वेगळीच आहे. तेल लावलेली पोळी सकाळी सातला करून ठेवली तर दुपारी एकला डब्यात मऊ असते, रात्रीही चालते. भाकरी गार झाली की वातड होते, मग कडक. म्हणजे भाकरीवर चालणाऱ्या घरात दोन्ही वेळा कुणीतरी तव्यापाशी उभं हवं. एका भाकरीला तीन-चार मिनिटं, पाच माणसांच्या घरात दहा भाकऱ्या, म्हणजे वेळेला अर्धा-पाऊण तास. ते ‘कुणीतरी’ पूर्वी ठरलेलं होतं. तीच बाई पहाटे तीन-चारला जात्यावर बसायची आणि धुरात डोळे चोळत थापायची. ऊन-ऊन भाकरी बाकीच्यांना वाढून झाल्यावर तिच्या वाट्याला उरलेली यायची. गावात विजेची गिरणी आली तेव्हा या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. आता ती बाई नोकरीला जाते किंवा जायला हवी. भाकरीच्या आठवणीने हळवे होणारे बहुतेक लेख खाणाऱ्यांनी लिहिलेले असतात, याकडे जाता जाता लक्ष वेधावंसं वाटतं.

यावर उपाय लोकांनी आधीच शोधले आहेत. सोलापूरकडची कडक भाकरी घ्या. पातळ थापून, मंद आचेवर ओल पूर्ण जाईपर्यंत शेकलेली ही भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते आणि आमटीत चुरली की काम झालं. बचत गट ती करून गावोगाव विकतात. शहरांतल्या पोळी-भाजी केंद्रांत ताजी भाकरी मिळते. भाकरी घराबाहेर केली जाणं हा ऱ्हास नव्हे. पाव कोण घरी भाजतं?

पोषणाच्या बाबतीतही थोडा संयम हवा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि ज्वारीवर इतके गुण चिकटवले गेले की बिचारीला ओळखू येईना. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू असतात, लोह ४ मिलिग्रॅमच्या आसपास. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचे आकडे याच्याजवळच आहेत. कॅल्शियम हवं तर नाचणी, जिच्यात ते ज्वारीच्या दसपट आहे. लोह जास्त हवं तर बाजरी. ज्वारीतली प्रथिनं शिजवल्यावर पचायला जड होतात. इतकंच नव्हे, दख्खनच्या पठारावर जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळायचा. अंगावर चट्टे, जुलाब, भ्रम. हैदराबादच्या पोषण संशोधकांनी, सी. गोपालन यांनी, १९६० च्या दशकात त्यावर बराच अभ्यास केला. आहारात इतर पदार्थ आले तसा तो रोग मागे हटला. ‘आमचे आजोबा नुसत्या भाकरीवर शंभर वर्षं जगले’ असं सांगणाऱ्यांनी त्या आजोबांची किती भावंडं लहानपणीच गेली हेही विचारून पाहावं.

म्हणजे घरच्या गिरणीतल्या गव्हाची पोळी हा ज्वारीचा खरा शत्रू नाही. नुकसान झालं ते दुसरीकडे. पांढराशुभ्र तांदूळ वाढला, मैद्याचा पाव आणि बिस्किटं घराघरांत गेली, साखर आणि पामतेल वाढलं. २०२२-२३ च्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण भारताच्या खर्चात धान्याचा वाटा जेमतेम ५ टक्के निघाला आणि पेयं, तयार व प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा साडेनऊ टक्क्यांच्या वर. खेड्यातलं घर धान्यावर करतं त्याच्या जवळपास दुप्पट खर्च चहा, फरसाण, बिस्किटं, थंड पेयं यांवर करतं. शिवाय ‘ज्वारीची’ म्हणून विकली जाणारी बिस्किटं उलटून घटकांची यादी वाचा. अनेकांत मैदा, साखर आणि पामतेल ज्वारीच्या बरोबरीने किंवा तिच्याही आधी बसलेले दिसतील.

भाकरी गेली तेव्हा आणखी एक गोष्ट गेली, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. ज्वारीचं रान एकटं नसायचं. खरिपात चार-सहा ओळींआड तूर, मध्ये मूग-उडीद, बांधाला अंबाडी, कुठे कारळं. रब्बीत करडईचे पाटे. करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी, तिच्याच बियांचं तेल. पाथरी, घोळ, तांदुळजा, चिघळ हे तर निंदताना ओटीत गोळा होणारं तण. अंबाडीची भाजी घ्या. पाला शिजवून आंबट पाणी पिळून टाकायचं, त्यात तूरडाळ, शेंगदाणे आणि मूठभर ज्वारीच्या कण्या शिजवून घोटायच्या, वर करडईच्या नाहीतर शेंगदाण्याच्या तेलात लसणाची चरचरीत फोडणी. या एका वाडग्यातलं जवळपास सगळं एकाच रानातून यायचं. ज्वारीत जी प्रथिनं उणी, ती डाळ भरून काढायची. सोयाबीनच्या सलग रानात तणनाशक फवारलं की पाथरीही जाते आणि घोळही. तूर ओळीपुरती उरली तर उरली. धान्य एकटं गेलं नाही, ताटाची डावी-उजवी बाजू घेऊन गेलं. कोकणात भाताबरोबर नाचणीचं, खानदेशात ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीचं असंच थोड्याफार फरकाने झालं.

तेव्हा करायचं काय? ज्वारी रेशनवर आणा, हे उत्तर जुनंच आहे, पण अर्धवट केलं की ते उलटतं. राज्यात काही ठिकाणी गव्हाऐवजी ज्वारी वाटली गेली तेव्हा लोकांनी कुरकुर केली, आणि बरोबर केली. वाटली जाते ती बहुधा खरिपाची संकरित, पावसात भिजलेली किंवा गोदामात किडलेली. त्या पिठाची भाकरी थापूनच दाखवावी. वाटायची तर रब्बीची, जिल्ह्यातच खरेदी करून जिल्ह्यातच. कर्नाटक उत्तर भागात ज्वारी आणि दक्षिणेत नाचणी वाटतं, म्हणजे प्रदेशानुसार धान्य देणं अशक्य नाही. ज्वारीच्या वाटपाची मुदत केंद्राने २०२१ मध्ये ९ महिन्यांपर्यंत वाढवली आहे. मार्चची ज्वारी डिसेंबरपर्यंत पुरते.

हिशेबही अवाढव्य नाही. माणशी ५ किलोंपैकी २ किलो ज्वारी दिली तर पाच जणांच्या घराला महिन्याला १० किलो. एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ धरलं तर रोज तीन-चार भाकऱ्या. गहू-तांदूळ बंद होत नाही, पोळीही राहते, भाकरी थोडी का होईना परत येते. २० लाख लाभार्थ्यांच्या जिल्ह्याला वर्षाला ४८ हजार टन ज्वारी लागेल. हेक्टरी ९ क्विंटल धरले तर ५३-५४ हजार हेक्टरांचं पीक. सोलापुरात रब्बी ज्वारी याच्या कितीतरी पट पेरली जाते. आणि ज्याला ज्वारी नको त्याला गहू घेण्याची मुभा असावी. आवड लादून काही टिकत नाही, मिलोने ते शिकवलेलं आहे.

शाळेच्या पोषण आहारात भाकरीचा हट्ट नको. तुटपुंज्या मानधनावर शंभर मुलांचं रांधणाऱ्या बाईला शंभर भाकऱ्या थापायला सांगणं हा क्रूरपणा आहे. पण ज्या पातेल्यात तांदळाची खिचडी होते त्याच पातेल्यात कण्यांची होते. भरडलेल्या ज्वारीच्या एका वाटीला चार वाट्या पाणी, कण्या आधी तासभर भिजवलेल्या, सोबत मूगडाळ आणि भाजी. आठवड्यातून दोन दिवस एवढं पुरे.

हमीभावाची तक्रार आता तितकीशी उरलेली नाही. २०२४-२५ मध्ये मालदांडीला क्विंटलला ३,४२१ रुपये जाहीर झाले, त्याच वर्षीच्या खरेदीला गव्हाला २,२७५. अडतं ते खरेदीवर. ज्वारी मार्चमध्ये घरात येते, लग्नसराई आणि देणी डोक्यावर असतात, एप्रिलपर्यंत बहुतेकांनी ती व्यापाऱ्याला घातलेली असते. सरकारी खरेदी केंद्रं त्यानंतर उघडली तर रांगेत शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर व्यापाऱ्याचा माल उभा राहतो. नोंदणी जानेवारीत, हुरड्याच्या दिवसांत व्हायला हवी आणि वजनकाटा फेब्रुवारीअखेर सुरू. त्याहीआधी, जिल्ह्याने यंदा किती ज्वारी घेणार हा आकडा ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला हवा. रब्बीची पेरणी हस्त नक्षत्रात होते, कोणत्या रानात ज्वारी आणि कोणत्यात हरभरा हे पोळ्याच्या सुमारास ठरतं, आणि एकदा हरभऱ्याचं बियाणं घरात येऊन पडलं की त्या वर्षापुरता ज्वारीचा विषय संपलेला असतो.